प्रतापगडावरचा काटेरी पाहुणा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी हातात घेतलेलं काम आजवर एकदाही फसलेलं नाही! तेरा वर्षं सॉफ्टवेअरची प्रोजेक्टं वेळेवर पार पाडतोय. तीन देशांतल्या माणसांना एकाच मीटिंगला, तेही कॅमेरा चालू ठेवून, हजर करून दाखवलंय. तेव्हा एक वीतभर लांबीचा प्राणी आपल्या बागेत आणायचा म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी ते बोलूनही गेलो. मित्रांसमोर बोललो असतो तर निभावलं असतं. मी बोललो ते माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर.

आम्ही राहतो डच लोकांच्या देशात, उइटहॉर्न नावाच्या गावी. एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग, प्रत्येक घरामागे चतकोर बाग, बागेच्या टोकाला लाकडी शेड आणि शेडमध्ये सायकली. इथे गाडी नसलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही, पण सायकल नसली तर शेजारीपाजारी काळजीने चौकशी करतात.

आमची बाग म्हणजे गल्लीतली सगळ्यात स्वच्छ बाग! दसरा झाला की मी दिवाळीची साफसफाई काढतो, ती बागेपासून. पान पडलं की उचल, गवत उगवलं की उपट. फरशी तर अशी धुतो की तिथे थेट पंगत बसवावी. एकदा शेजारच्या ट्रूसबाई कुंपणावरून डोकावल्या. खरं म्हणजे त्या नुसत्या ट्रूस. बाई मी लावली, कारण बहात्तर वर्षांच्या बाईंना नुसतं नावाने हाक मारायला आपली जीभ धजत नाही. तर ट्रूसबाई डोकावल्या, डावीकडून उजवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "प्रताप, तुझ्या बागेत तर काहीच नाही!"

"थँक्यू!" मी म्हटलं.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुक चाललंय.

आता मूळ मुद्दा. ऑक्टोबर लागला, पानं पिवळी पडायला लागली, की इथल्या लोकांना एखलचं वेड लागतं. एखल म्हणजे हेजहॉग. नारळाएवढं अंग, त्यावर काटेच काटे, टोकदार नाक आणि लग्नघरातल्या वधूपित्यासारखी लगबगीची चाल. थंडी पडायच्या आत तो खाऊन खाऊन गोल होतो, मग वाळक्या पानांच्या ढिगात घर करतो आणि पार एप्रिलपर्यंत झोपतो. म्हणून या दिवसांत जो तो आपापल्या बागेवर डोळा ठेवून असतो. आर्याच्या शाळेने तर वर्गात आमच्या वस्तीचा मोठा नकाशाच लावला होता. ज्याच्या बागेत एखल दिसेल त्याच्या घरावर पिवळा ठिपका. आणि ज्याच्या बागेत तो थंडीची झोप घ्यायला येईल, त्याच्या घरावर लाल ठिपका! लाल ठिपका अजून कोणालाच मिळाला नव्हता.

एका संध्याकाळी आर्या शाळेतून आली ती थेट जिन्यावर जाऊन बसली.

"आर्या, जेवायला चल," माझी बायको निशिगंधा म्हणाली.

"नो."

आर्याला मराठी शब्दन्‌शब्द कळतो. उत्तर मात्र इंग्रजीत येतं, आणि जास्त राग आला की डचमध्ये.

"फिन सेज अवर गार्डन इज डेड."

"कोण हा फिन?"

"इन माय क्लास. सगळ्या घरांना..." इथे मराठी संपलं. "एव्हरीबडी हॅज अ यलो डॉट. ओन्ली अवर हाउस इज व्हाइट. फिन सेज एखल्स डोन्ट कम बिकॉज वी थ्रो अवे देअर बेड्स."

"आपण? बिछाने? आपण कोणाचे बिछाने टाकले?"

"पानं, प्रताप," निशिगंधा म्हणाली. "दर शनिवारी तू त्यांचे बिछाने पिशवीत भरून हिरव्या डब्यात टाकतोस."

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या वर्गात हिचंच घर पांढरं! अशा वेळी बापाला काही सुचत नाही म्हणतात. मला सुचलं, हाच घोटाळा झाला.

"रडायचं नाही!" मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत आपल्या घरावर ठिपका लागणार. पिवळा नाही, लाल! बाबांचा शब्द!"

"रेड इज ओन्ली इफ ही स्लीप्स, बाबा."

"झोपेल. झोपवतो मी त्याला."

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. एक्सेल शीट उघडली. पहिला टप्पा पाहणी, दुसरा आकर्षण, तिसरा मुक्काम. बागकामाच्या दुकानातून एखलसाठी लाकडी हॉटेल आणलं. हो, इथे मिळतं! आत दोन खोल्या, वर उतरतं छप्पर. अंधेरीत आम्ही चौघं मित्र राहायचो त्या खोलीपेक्षा प्रशस्त. समोर एक कॅमेरा लावला. काही हललं की आपोआप चित्रण करणारा. आणि पाहुण्याच्या स्वागताला वाटीभर दूधभात ठेवला.

सकाळी कुंपणावरून हाक आली. "प्रताप! ती पांढरी वस्तू काय आहे?"

"दूधभात. एखलसाठी."

ट्रूसबाईंनी छातीवर हात ठेवला. "दूध? तू त्याला मारायला निघालायस का?"

एखलला दूध पचत नाही, हे मला कुठून माहीत! आमच्याकडे तान्ह्या मुलापासून तापातून उठलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना दूधभातच देतात. ट्रूसबाईंनी मला उभ्याउभ्या अर्धा तास शिकवणी दिली. दूध नाही, पाव नाही, भात तर नाहीच. पाणी ठेव. आणि फारच वाटलं तर मांजराचं खाणं ठेव.

ठेवलं. दोन आठवडे रोज ठेवलं. वाटी सकाळी चाटूनपुसून स्वच्छ! मी शीटमध्ये दुसरा टप्पा हिरवा करून टाकला. मग एके दिवशी कॅमेऱ्यातलं चित्रण बघितलं. पहिल्या दिवशी पिम. दुसऱ्या दिवशी पिम. तिसऱ्या दिवशी पिम आणि एक काळं मांजर. चौथ्या दिवशी शाल गुंडाळून कचरा टाकायला निघालेली निशिगंधा, मग पुन्हा पिम. पिम म्हणजे ट्रूसबाईंचा बोका. पायरीवर बसला तर पायरी दिसत नाही, असा.

त्याच दिवशी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ट्रूसबाईंचा निरोप आला. "पिमला डॉक्टरांनी पथ्यावर ठेवलं आहे. मी त्याला मोजून खायला देते. तरी दोन आठवड्यांत त्याचं वजन वाढलं आहे. कोणी त्याला खाऊ घालत आहे का?"

लगेच सगळ्यांनी 'छे छे' लिहिलं. मीही लिहिलं, "फार वाईट वाटलं. आम्ही लक्ष ठेवू." आणि वर एक रडका चेहरा टाकला. वाटी त्याच क्षणी आत आणली.

एवढ्यात दिवाळी आली. शाळेला शरदाची आठवडाभर सुट्टी लागली, मीही घरूनच काम करत होतो. म्हटलं, चला, निदान किल्ला तरी करू. पोरगी जरा विसरेल. मी किल्ला करतो तो नेहमी प्रतापगडच! बाकीच्या गडांविषयी आदर आहे, पण आपलं नाव असलेला गड सोडून दुसऱ्या गडावर जायचं म्हणजे जिवावर येतं. इथल्याच बेस्ट नावाच्या गावी राहणारा निशिगंधाचा मामेभाऊ अंबरीश दर वर्षी स्वतःचा किल्ला मशीनवर छापतो. हो, छापतो! प्लॅस्टिकचा. त्याला म्हणे तटबंदीतल्या खिडक्यासुद्धा मोजून. मी म्हणतो, नखांत माती गेली नाही तर तो किल्ला कसला!

जागा मी हेरून ठेवली होती. शेडच्या दारासमोर, एखलच्या हॉटेलच्या बाजूलाच. वारा लागत नाही, मागे टेकायला भक्कम दार, आणि स्वयंपाकघरातून सगळं दिसतं.

"अरे, पण ते दार बाहेर उघडतं ना?" निशिगंधाने विचारलं. "आणि सायकली आत आहेत."

"भाऊबीजेपर्यंतचा प्रश्न आहे! सुट्टीत सायकली लागतातच कशाला?"

लक्षात ठेवा हे वाक्य.

दगड रचले, वर गोणपाट टाकलं, त्यावर चिखल थापला. आतली पोकळी भरायला वाळकी पानं हवी होती. ती आमच्या बागेत कुठली! ट्रूसबाईंकडे मागायला गेलो. त्यांची बाग म्हणजे रान. पानांचे ढीग, कुजके ओंडके, कोपऱ्यात काय आहे ते त्यांनाही माहीत नसावं. मी पानं मागतोय म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. माझा खांदा थोपटत त्या म्हणाल्या, "अखेर तुला समजलं, प्रताप." काय समजलं ते मला समजलं नाही, पण तीन पोती पानं मिळाली.

किल्ल्याला गुहा केली. गुहेत वाघ ठेवला. प्रतापगडावर वाघाची गुहा कुठे होती असं विचारू नका. धनकवडीतल्या आमच्या सगळ्या किल्ल्यांना ती असायची! उतारावर हळीव पेरले, इथल्या दमट हवेत ते चार दिवसांत हिरवेगार उगवले. पुण्याहून पायमोज्यांत गुंडाळून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर उभे केले, माथ्यावर सिंहासन आणि महाराज. आर्याने पाटी लिहिली. मराठी अक्षरं काढताना तिची जीभ बाहेर आली होती, पण 'प्रतापगड' अगदी बरोबर लिहिलं. एखलचा विषय त्या दिवसांत तिने एकदाच काढला.

"बाबा, इज इट ओके इफ वी आर व्हाइट?"

मी तिच्या हातात आणखी एक मावळा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर किल्ल्यावर धुमाकूळ! चार मावळे आडवे, एक भालदार बुरुजाखाली, आणि गुहेतला वाघ चार हात लांब फरशीवर पालथा. महाराज तेवढे जागच्या जागी. सगळं पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच! वाघ पुन्हा हद्दपार!

"पिम!" मी ओरडलो. दुसरं कोण असणार? खाणं बंद केलं म्हणून सूड उगवतोय मेला!

रागाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, "कोणाचं तरी मांजर आमच्या ऐतिहासिक वारशाची नासधूस करत आहे. कृपया आवरा."

ट्रूसबाईंचं उत्तर आलं, "पिमच्या अंगात हल्ली तेवढं बळ नाही. पथ्य चालू आहे." त्यावर सात नंबरवाल्यांनी लिहिलं, "पण पिमला खाऊ कोण घालत होतं, ते शेवटी कळलं का?" मी फोन उपडा करून ठेवला.

अशा रीतीने भाऊबीज उजाडली. रविवार होता. सोमवारी शाळा आणि ऑफिस दोन्ही सुरू, म्हणजे सायकली बाहेर काढणं भाग होतं. म्हणजेच किल्ला पाडणं भाग होतं. आता किल्ला पाडायची आमची रीत तुम्हाला माहीत आहेच. फावड्याने पाडतात ती माणसं वेगळी. आम्ही धनकवडीचे! गुहेत सुतळी बॉम्ब लावायचा आणि कानात बोटं घालून पळायचं. वर्षाचा सगळा आनंद त्या एका आवाजात असायचा. पण इथे बॉम्ब लावायचा तर पोलीस दारात हजर. मग काय करायचं?

उत्तर घेऊन अंबरीश आला. ओवाळून घ्यायला तो दर वर्षी बेस्टहून येतो, आणि येताना काहीतरी मशीन घेऊन येतो. या वर्षी प्रेशर वॉशर आणला होता. फरशीवरचं शेवाळ पाण्याच्या धारेने उडवायचं ते यंत्र.

"जिजू, ही तोफ समजा," तो म्हणाला. "तीन सेकंदांत गड भुईसपाट! शिवाय फरशीपण धुऊन निघेल."

फरशी धुऊन निघेल म्हटल्यावर माझा विरोध मावळला. ओवाळणी झाली, करंज्या झाल्या, चार वाजता आम्ही बागेत उतरलो. आर्याने एकेक मावळा उचलून टोपलीत ठेवला. महाराजांना निशिगंधाने मानाने आत नेलं. अंबरीशने नळ जोडला. मी नेम धरला, थेट गुहेच्या तोंडावर. यंत्र घरघरायला लागलं.

"एक! दोन!"

आणि गुहेतून नाक बाहेर आलं.

ओलं, काळं, टोकदार नाक! त्यामागे दोन डोळे. झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

"स्टॉप! बाबा, एखल! एखल!" आर्या किंचाळली.

पण बोट घोड्यावर दाबलं गेलं होतं! मी जिवाच्या आकांताने नळी वळवली. धार गुहेवरून सुटली, अंबरीशच्या नव्या कुर्त्यावरून फिरली आणि कुंपणाचं दार उघडून आत येणाऱ्या ट्रूसबाईंवर जाऊन थांबली. त्यांच्या हातात आमचा फराळाचा डबा होता. परत द्यायला आल्या होत्या. रिकामा. डबा रिकामा परत करू नये हे इथे कोणाला माहीत नसतं. निदान त्या दिवशी तो पाण्याने तरी भरला.

यंत्र बंद पडलं. ट्रूसबाईंच्या केसांतून, चष्म्यातून, नाकाच्या टोकावरून पाणी गळत होतं. मी मनात बोलायच्या शब्दांची जुळवाजुळव करत होतो. डच भाषेत माफी मागायचे शब्द थोडेच आहेत, आणि ते सगळे मला एकदम हवे होते.

"स्स्स्!" त्या म्हणाल्या.

माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं! त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि गुहेकडे बघत राहिल्या. एखलने एकदा सगळ्यांकडे नापसंतीने बघितलं, मागे वळला आणि पानांत शिरला. आत खसपस झाली. मग सगळं शांत.

"त्याने इथे घर केलंय," ट्रूसबाई कुजबुजल्या. "थंडीचं घर. प्रताप, तू हे बांधलंस? त्याच्यासाठी? दगड, माती, आत कोरडी पानं, एवढंसं दार... किती बारकाईने!"

मी अंबरीशकडे बघितलं. अंबरीशने कुर्ता पिळत आभाळाकडे बघितलं. आर्या माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की खरं सांगायची माझी प्राज्ञा नव्हती.

"हो," मी म्हटलं. "त्याच्यासाठीच."

मग कळलं की गुहेतला वाघ पिमने बाहेर काढला नव्हता. भाडेकरूने सामान हलवलं होतं. आणि ज्या हॉटेलच्या दोन खोल्या मी स्वतः पुसल्या होत्या, तिकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं.

सोमवारी नकाशावर लाल ठिपका लागला. सबंध वस्तीत एकच! फिनने स्वतः येऊन विचारलं म्हणे, की मला बघायला येता येईल का. आर्याची 'एखलरक्षक' म्हणून नेमणूक झाली. दर सोमवारी वर्गासमोर उभं राहून तिने अहवाल सांगायचा. पोरगी त्या दिवशी दोन वेळा जेवली.

आणि सायकली?

"एप्रिलपर्यंत इथे काही हलवायचं नाही," ट्रूसबाईंनी हुकूम सोडला. "झोपेत दचकला तर त्याची साठवलेली ताकद संपते. मग तो वसंत बघत नाही."

"पण आमच्या सायकली..."

"प्रताप," त्या म्हणाल्या. एवढंच.

शेडला खिडकी आहे. मी प्रयत्न केला. पुढचं चाक निघतं, बाकीची सायकल निघत नाही. ट्रूसबाईंना दया आली, त्यांनी आपल्या स्वर्गवासी नवऱ्याची सायकल दिली. तो गृहस्थ साडेसहा फूट होता. मी सीटवर बसलो की पेडल मला नुसतं ऐकू यायचं. दोनदा कालव्याच्या काठावर आडवा झाल्यावर ती परत केली.

मग आम्ही चालायला लागलो. मी ट्रामपर्यंत पाऊण तास चालत, समोरून पाऊस. आर्या शाळेत चालत. निशिगंधा आम्स्टलवेनच्या ऑफिसला बसने, आणि येताना दोन्ही हातांत कांदेबटाटे. मग एकदा छत्री उलटी होऊन घरी आली आणि म्हणाली, "भाऊबीजेपर्यंतचा प्रश्न होता ना? कुठल्या भाऊबीजेपर्यंतचा?"

ऑफिसात मात्र माझा भाव वधारला! उशिरा का आलास म्हणून माझ्या डच मॅनेजरने विचारलं. मी म्हटलं, शेडसमोर एखल झोपलाय. तो ताडकन उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा याने मला तीन फॉर्म भरायला लावले होते! तेव्हापासून सोमवारच्या मीटिंगची सुरुवात एखलच्या तब्येतीने होते. मीही रंगवून सांगतो. किल्ला बांधताना आतल्या हवेचा मी कसा विचार केला, तेही सांगतो.

नोव्हेंबरच्या मध्याला गुहेचं तोंड पानांनी घट्ट बंद झालेलं दिसलं. ट्रूसबाईंनी लांबूनच दुर्बीण लावून बघितलं. "दार आतून लावून घेतलं!" त्या म्हणाल्या. दारावर आर्याचा एक मावळा पहाऱ्याला उभा होता. मला ते फार गोड वाटलं.

आता गेल्या शनिवारची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला. आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाला होता, एखलचा एखादा फोटो तरी दाखव. मला एकदम कॅमेऱ्याची आठवण झाली. हॉटेलसमोर लावलेला तो कॅमेरा मी विसरूनच गेलो होतो! बॅटरी कधीच संपली होती, पण आतलं कार्ड शाबूत होतं. कॉम्प्युटरला लावलं. पिम. पिम. पाऊस. पिम. आणि मग अकरा नोव्हेंबर, संध्याकाळचे पावणेसात. त्या संध्याकाळी इथली मुलं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत खाऊ मागतात. मी पुढच्या दारात गोळ्या वाटत उभा होतो.

मागच्या बागेत एखल गुहेतून बाहेर आला होता.

त्याने अंग झटकलं. फरशीवरून तुरुतुरु निघाला. माझ्या हॉटेलसमोर थांबला, दाराचा वास घेतला, आणि बागेतून चालता झाला! कुंपणाच्या फटीतून, थेट ट्रूसबाईंच्या पानांच्या ढिगात!

अकरा नोव्हेंबर! म्हणजे साडेतीन महिने आम्ही रिकाम्या किल्ल्याची राखण करतोय! पावसात, वाऱ्यात, कांदेबटाट्यांसकट!

पण चित्रण संपलं नव्हतं. चौकटीच्या कडेला पिवळा उजेड हलला. कंदील घेऊन आर्या उभी होती. ती एखल गेला त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने हात हलवून त्याला टाटा केला. कंदील खाली ठेवला, किल्ल्यापाशी गुडघ्यांवर बसली, आणि दोन्ही हातांनी पानं दाबून गुहेचं तोंड नीट बंद केलं. जाकिटाच्या खिशातून एक मावळा काढला आणि दारावर उभा केला.

मी तिला हाक मारली. ती आली, तिने स्क्रीनकडे बघितलं.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"या," ती म्हणाली. डचमधलं 'हो'.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"यू टोल्ड एव्हरीबडी, बाबा. यू टोल्ड युअर बॉस. यू वेअर सो हॅपी."

मी तिच्यासाठी चालत होतो, आणि ही माझ्यासाठी!

"आणि दर सोमवारी वर्गात खोटं सांगत होतीस?"

"नो!" ती रागावली. "आय सेड, द एखल इज स्लीपिंग. ही इज स्लीपिंग. आय नेव्हर सेड व्हेअर."

ही मुलगी मोठी झाली की प्रोजेक्ट मॅनेजर होणार, यात मला शंका उरली नाही.

"मग आता सायकली काढायच्या?" मी विचारलं.

तेवढ्यात खिडकीतून रस्ता दिसला. बसस्टॉपकडून निशिगंधा येत होती. दोन्ही हातांत पिशव्या, केस कपाळाला चिकटलेले, छत्री पुन्हा उलटी. वाऱ्याने ती एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे चालली होती. आम्ही दोघं बघत राहिलो. साडेतीन महिने! आर्याने माझा हात घट्ट पकडला. आणि जिने गेल्या चार वर्षांत मला मराठीत एक अख्खं वाक्य ऐकवलं नव्हतं, ती स्पष्ट, शुद्ध मराठीत म्हणाली,

"बाबा, आईला सांगायचं नाही."

तेव्हा ही गोष्ट तुमच्या-माझ्यातच राहू द्या. ट्रूसबाईंना मराठी येत नाही. माझ्या मॅनेजरला येत नाही. आर्याला पाटीपुरतंच वाचता येतं. आमच्या घरात मराठी वाचणारी एकटी निशिगंधा, आणि तिला सध्या बसमध्ये वाचायला भरपूर वेळ मिळतो.